मधुबालेच्या हृदयातील छिद्र

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९४२ साली ‘बसंत’ या चित्रपटासाठी एक लहानगी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. बेबी मुमताज हे तिचे त्या वेळचे नाव. पुढे हीच मुलगी मधुबाला म्हणून घराघरांत पोहोचली. तिच्या सौंदर्याविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्याचा आमचा मानस नाही. तिच्या हृदयाविषयी मात्र थोडे सांगावेसे वाटते, आणि येथे हृदय हा शब्द वाचकांनी वैद्यकाच्या अर्थानेच घ्यावा.

मुमताज जहाँ बेगम देहलवी हिचा जन्म १४ फेब्रुवारी १९३३ रोजी दिल्लीत झाला. अताउल्ला खान व आयेशा बेगम यांच्या अकरा अपत्यांपैकी ती पाचवी. वडिलांची नोकरी गेल्यावर हे कुटुंब मुंबईत आले. काही भावंडे बालपणीच दगावली आणि उरलेल्यांचा भार या मुलीच्या कमाईवर पडला. १९४७ साली ‘नीलकमल’मध्ये ती नायिका झाली, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. दोन वर्षांनी आलेल्या ‘महल’ने तिला कीर्तीच्या शिखरावर नेले.

या सर्व काळात तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासून असलेले छिद्र तसेच होते. डॉक्टर त्याला व्हेंट्रिक्युलर सेप्टल डिफेक्ट म्हणतात. डाव्या कप्प्यातील दाब अधिक असल्याने शुद्ध रक्ताचा काही भाग प्रत्येक ठोक्यागणिक छिद्रातून उजवीकडे शिरतो आणि पुन्हा फुप्फुसांकडे जातो. छिद्र लहान असेल तर ते पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे असेल तर फुप्फुसातील रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे हा जादा मारा सोसून जाड व कठीण होतात. अखेरीस उजवीकडचा दाब इतका वाढतो, की प्रवाहाची दिशाच उलटते. अशुद्ध रक्त शरीरभर फिरू लागते, ओठ व नखे निळसर पडतात, खोकल्यातून रक्त येते.

हे आधी कळले का नाही, असा प्रश्न मनात येतोच. लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला आणि या छिद्रातून येणाऱ्या खरखरीचे वर्णन हेन्री रॉजे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७९ मध्ये केले होते. तथापि हा आवाज मोठा फसवा असतो. लहान छिद्र मोठ्याने वाजते आणि आजार बळावून दोन्ही कप्प्यांतील दाब सारखा होऊ लागला, की आवाज मंदावतो. छिद्र केवढे व दाब किती, हे ठरवण्यासाठी शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी सरकवावी लागे. या पद्धतीबद्दल फोर्समान, कूर्नां आणि रिचर्ड्स यांना १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याचा प्रयोग स्वीडनमध्ये १९५३ साली सुरू झाला खरा, परंतु आजची इको तपासणी रूढ होण्यास आणखी काही दशके जावी लागली.

१९५४ साली मद्रासमध्ये एस. एस. वासन यांच्या ‘बहुत दिन हुए’चे चित्रीकरण चालू असताना मधुबालेच्या तोंडातून रक्त आले आणि तिचा आजार उघड झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी २६ मार्च रोजी अमेरिकेत मिनियापोलिस येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका बाळाच्या हृदयातील असेच छिद्र प्रथमच टाके घालून बंद केले. त्या वेळी बाळाचे रक्त त्याच्या वडिलांच्या शरीरातून फिरवले होते. पित्याचेच हृदय व फुप्फुसे मुलासाठी यंत्र झाली. काही दिवसांनी ते बाळ न्यूमोनियाने गेले, मात्र छिद्र बंदच राहिले होते.

मधुबाला कामावर परतली. आजाराची वाच्यता होऊ नये याची काळजी घेतली गेली, कारण आजारी नायिकेवर पैसा कोण लावणार? त्या मौनाला दोष देणे आज सोपे आहे. एका मुलीच्या मिळकतीवर चाललेले घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तो जपून द्यावा. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘हावडा ब्रिज’, ‘चलती का नाम गाडी’ हे तिचे हसरे, खट्याळ चित्रपट याच आजारपणातले आहेत. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहल उभा राहिला, तेथे ती नाचली, बंदिवासाच्या प्रसंगासाठी के. आसिफ यांनी तिला खऱ्या लोखंडी साखळदंडांत जखडले. ऑगस्ट १९६० मध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला.

त्याच वर्षी किशोरकुमारशी विवाह झाल्यावर ती उपचारासाठी लंडनला गेली. तेथील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला आणि जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य सांगितले. हा नकार कठोर वाटतो, परंतु त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. लंडनच्याच डॉ. पॉल वुड यांनी १९५८ साली दाखवून दिले होते, की फुप्फुसांच्या वाहिन्या एकदा कठीण झाल्या म्हणजे छिद्र बुजवणे घातक ठरते. कारण तोवर ते छिद्रच कोंडलेल्या रक्ताची वाट झालेले असते.

दोन वर्षांची मुदत ओलांडून ती नऊ वर्षे जगली, बहुतेक काळ अंथरुणास खिळून. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले, ते याच शहरात, ती हयात असताना. तो रुग्ण काही तासच जगला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, छत्तिसावा वाढदिवस उलटून नऊ दिवस होताच, मधुबालेचे निधन झाले. तिचा ‘ज्वाला’ १९७१ मध्ये पडद्यावर आला. सांताक्रूझ येथील दफनभूमीतील तिची कबर २०१० साली जागेअभावी हटवण्यात आली.

आज हे छिद्र इको तपासणीत काही मिनिटांत दिसते, मोठे असल्यास पुष्कळदा गर्भातही, अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात. दर हजार नवजात बालकांत आठ-दहांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. दूध पिताना बाळ थांबून थांबून धापा टाकत असेल, कपाळावर घाम येत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवण्यास विलंब करू नये. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची अशा दोषांसाठी तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या शेजारच्या पालघरमध्ये झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.