संघ घडविणारा सेनानी : कर्नल सी. के. नायडू

मैदानावर स्वतः पराक्रम गाजविणे ही एक गोष्ट, आणि इतरांच्या अंगी पराक्रम उत्पन्न करणे ही दुसरी. पहिलीस टाळ्या मिळतात. दुसरीस वर्षानुवर्षांचा धीर लागतो. या दोन्ही गोष्टी ज्यांनी साधल्या असे एक पुरुष आपल्या नागपुरातच जन्मले आणि येथील हिस्लॉप या मिशनच्या विद्यालयात शिकले. ते म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू. सारा देश त्यांस 'सी. के.' या दोन अक्षरांनी ओळखीत असे.

त्यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी झाला. घराणे मूळचे तेलुगू, वकिलीच्या व्यवसायातील, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. शाळकरी वयातच त्यांस क्रिकेटचा नाद लागला. सडपातळ, उंच बांधा, तीक्ष्ण नजर आणि मनगटांत विलक्षण जोर, ही ईश्वरदत्त देणगी त्यांस लाभली होती. 1916 साली मुंबईच्या सामन्यांत हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम खेळावयास उतरले, तेव्हा संघाची स्थिती बिकट होती. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावून दिला. धीर आणि धडाडी यांचा हा संयोग त्यांच्या ठायी अखेरपर्यंत दिसून आला.

1923 साली इंदूरच्या होळकर नरेशांनी त्यांस आपल्या दरबारी बोलावून सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. नागपूर सुटले; इंदूर ही त्यांची कर्मभूमी झाली. 1926 साली गिलिगन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला असता नायडूंनी दोन तासांच्या आत 153 धावा काढल्या आणि त्यांत 11 षट्कार मारले. परकीयांशी बरोबरीने झुंजता येते, हा विश्वास त्या एका डावाने कित्येक तरुणांच्या मनात रुजविला. पुढे 1932 साली लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याचे नेतृत्व नायडूंकडे आले. हातास दुखापत झाली असतानाही पहिल्या डावात संघातील सर्वाधिक, म्हणजे 40 धावा त्यांनीच केल्या.

परंतु यशाच्या मागोमाग मानहानीही येते. 1936 च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर संघनायकपद विजयनगरच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळात आपल्याहून पुष्कळ उणे असलेल्या नायकाच्या हाताखाली नायडूंस खेळावे लागले. संघात फळी पडली, मने कलुषित झाली. तरीही ओव्हलच्या मैदानावर आपल्या अखेरच्या कसोटी डावात त्यांनी 81 धावा काढून आपले उत्तर बॅटनेच दिले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. बहुतेक खेळाडू या वयात आठवणी सांगत बसतात. नायडूंचे मोठे कार्य मात्र अद्याप व्हावयाचे होते.

1934 साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाल्यापासून इंदूरकडील खेळाडू मध्य हिंदुस्थान या नावाने खेळत. त्या संघास अंतिम सामना एकदाही गाठता आला नव्हता. 1941 साली होळकर संस्थानाचा स्वतंत्र संघ उभा राहिला आणि शेहेचाळीस वर्षांच्या नायडूंनी त्याची नव्याने जुळवाजुळव आरंभिली. इंदूरच्या मुश्ताक अलीचे गुण त्यांनी तो लहान असतानाच हेरले होते. सागरचे सरवटे, नागपूरचेच हिरालाल गायकवाड, शिवाय निंबाळकर, जगदाळे, भांडारकर आणि स्वतःचे धाकटे बंधू सी. एस. अशी माणसे एकत्र आली. हे निरनिराळ्या गावांचे, जातींचे व धर्मांचे खेळाडू. त्यांस एका शिस्तीत आणणे सोपे नव्हते. नायडूंची शिस्त लष्करी होती. क्षेत्ररक्षणातील ढिलाई त्यांस खपत नसे आणि किरकोळ दुखण्याची सबब ते ऐकून घेत नसत. तथापि जे इतरांकडून मागत, त्याहून अधिक ते स्वतः करून दाखवीत. म्हणूनच त्यांची कठोरता लोकांनी सोसली.

1945 च्या मार्च महिन्यात होळकर संघाने प्रथमच अंतिम सामना गाठला. प्रतिपक्ष मुंबईचा. जिंकण्यास तब्बल 867 धावा हव्या होत्या. इंग्लंडचे कॉम्प्टन त्या वेळी होळकरांकडून खेळत होते. ते 249 धावा काढून नाबाद राहिले, तरी सारा डाव 492 धावांत आटोपला आणि संघ 374 धावांनी हरला. सी. एस. यांनी त्या एका सामन्यात 917 चेंडू टाकले होते. इतके श्रम वाया गेल्यावर एखादा संघ खचून गेला असता.

होळकरांचा संघ खचला नाही. पुढच्याच वर्षी उपान्त्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्याने 8 बाद 912 धावा केल्या आणि त्या एकाच डावात सहा जणांनी शतके झळकाविली. एकट्या नायकाच्या बळावर चालणाऱ्या संघाकडून असे घडत नाही. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध मात्र पन्नास वर्षांच्या नायकाने स्वतः 200 धावा काढल्या. संघ 56 धावांनी जिंकला आणि रणजी करंडक इंदुरास आला.

तेथून पुढे 1947-48, 1950-51 आणि 1952-53 या हंगामांतही करंडक त्यांनी जिंकला. नऊ हंगामांत आठ वेळा अंतिम सामना, ही त्यांच्या नेतृत्वाची कमाई होय. याच काळात मुंबईविरुद्ध खेळताना फडकरांचा वेगवान चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. त्यांनी ते बाजूस सारले आणि खेळ पुढे चालू ठेवला. 1948 साली संस्थान विलीन झाले, तरी संघ 1955 पर्यंत टिकला. नायडू निवृत्त झाल्यावरही त्यांनी घडविलेल्या खेळाडूंनी आणखी दोन वेळा अंतिम सामना गाठला.

1956 साली त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. त्याच हंगामात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाच्या संघाचे नायक होऊन पुन्हा मैदानात उतरले. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथे त्यांचा देहान्त झाला. आज देशातील क्रिकेटपटूंच्या जन्मभराच्या सेवेचा गौरव त्यांच्याच नावाच्या पुरस्काराने केला जातो.

1936 साली अपमान गिळून नायडू घरी बसले असते, तर एक उत्तम फलंदाज एवढीच त्यांची कीर्ती उरली असती. मानाची जागा गेल्यावर त्यांनी हाती असलेले लहान काम मोठे केले. आपल्या शाळेच्या संघातून वगळला गेलेला, अथवा सामना हरून खिन्न झालेला एखादा विद्यार्थी हे वाचीत असेल, तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की याच नगरीच्या एका मुलाची थोरवी अशाच खिन्न दिवसानंतर सिद्ध झाली.