पदवीचा दर्जा आणि आशुतोष मुकर्जी

पदवीचा दर्जा घसरल्याची ओरड आपल्याकडे जवळजवळ पदव्यांइतकीच जुनी आहे. तो दर्जा कोणी आणि कोणत्या मापाने ठरवायचा, या प्रश्नासाठी आयुष्य वेचणारे मात्र थोडे. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुकर्जी हे त्यांतील अग्रगण्य होत. दर्जा उंचावणारे म्हणून त्यांचा गौरव झाला आणि दर्जा बुडविणारे म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. दोहोंतही तथ्य होते.

२९ जून १८६४ रोजी कलकत्त्यातील एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८८५ साली ते गणितात आणि पुढच्याच वर्षी पदार्थविज्ञानात एम.ए. झाले. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून चालणारी मानाची शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. विद्यार्थिदशेतच त्यांचे गणितावरील लेखन इंग्लंडमधील नियतकालिकात छापून आले. अशा माणसाला विद्यापीठात संशोधकाची जागा मिळू शकली नाही, कारण १८५७ साली मुंबई व मद्रासबरोबर स्थापन झालेले हे विद्यापीठ मुळी शिकवीतच नव्हते. लंडनच्या धर्तीवर ते परीक्षा घेई, निकाल लावी आणि पदव्या वाटी. आशुतोष वकिलीकडे वळले आणि १९०४ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

त्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांचा विद्यापीठ कायदा आला. दर्जासुधारणेच्या नावाखाली सरकारी पकड आवळली जात आहे हे ओळखून गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे कौन्सिलात त्याला कसून विरोध केला. तो विरोध रास्तच होता. परंतु विद्यापीठांना स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली होती. १९०६ साली कुलगुरू झालेल्या आशुतोषांनी या तरतुदीचा असा उपयोग करून घेतला, की सरकारला आपल्याच कायद्याचा पश्चात्ताप व्हावा. १९१४ पर्यंत सलग आठ वर्षे ते त्या पदावर होते. दिवसा न्यायदान आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ, असा त्यांचा क्रम असे.

त्यांची भूमिका सरळ होती. प्रश्नपत्रिका अवघड काढून पदवी मोठी होत नाही. शिकविणारा स्वतः नवे ज्ञान निर्माण करीत असेल तरच ती मोठी होते. सरकारचा हात आखडता असताना त्यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांकडून लाखो रुपयांच्या देणग्या मिळविल्या. मार्च १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची कोनशिला बसली. हिशेबखात्यातील भरपूर पगाराची सरकारी नोकरी सोडून चंद्रशेखर व्यंकट रामन १९१७ साली कमी वेतनावर तेथे प्राध्यापक झाले. नुकतेच एम.एस्सी. झालेले मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यावर अध्यापनाची जबाबदारी टाकण्यात आली. नवे पदार्थविज्ञान शिकवायचे तर जर्मन ग्रंथ वाचणे भाग होते. या तरुणांनी ते वाचले, आणि सापेक्षतेवरील मूळ निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२० साली विद्यापीठानेच प्रसिद्ध केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर १९१७ पासून प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक झाले. १९१९ साली भारतीय भाषांत एम.ए. होण्याची सोय झाली. देशी भाषेत एवढे शिकण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्या सुशिक्षितांना ते परस्पर उत्तर मिळाले.

या उंच इमारतीचा पाया मात्र परीक्षा-शुल्काच्या पैशांवर उभा होता. मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंत हजारो मुले जी फी भरीत, तिचा मोठा वाटा पदव्युत्तर विभागांकडे जाई. निकाल ढिले लागतात, हा टीकाकारांचा आक्षेप म्हणूनच निव्वळ मत्सराचा नव्हता. इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारख्या करड्या विद्वानानेही तो जाहीरपणे मांडला. शिक्षणाचा प्रसार झाला तरच त्यातून गुणवंत वर येतील, ही आशुतोषांची बाजू. ती खरी असली, तरी खालच्या वर्गात कच्ची राहिलेली मुलेच पुढे पदवीच्या वर्गात येऊन बसत, हे त्या युक्तिवादाने झाकले जात नाही.

१९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाचे ते सदस्य होते. इंटरपर्यंतचे शिक्षण विद्यापीठाच्या खांद्यावरून उतरवावे आणि त्यानंतर पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा, असे आयोगाने १९१९ साली सुचविले. दुखण्याचे मूळ आयोगाने बरोबर हेरले होते. पण बंगाल सरकारपाशी पैसा नव्हता, आणि कलकत्त्यात त्या शिफारशी बव्हंशी कागदावरच राहिल्या.

१९२१ मध्ये आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा विद्यापीठ कर्जात बुडाले होते. पुढील वर्षी सरकारने अडीच लाखांचे अनुदान देऊ केले, परंतु त्यासोबत जाचक अटी घातल्या. अध्यापकांचे पगार देणे कठीण झाले असतानाही आशुतोषांच्या नेतृत्वाखाली सिनेटने ते अनुदान नाकारले. १९२३ साली गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी, सरकारशी जुळवून घ्याल तर मुदत वाढवू, अशा आशयाचे पत्र धाडले. आशुतोषांनी कडक शब्दांत नकार कळविला आणि पद सोडले. त्याच सुमारास न्यायाधीशपदावरूनही ते निवृत्त झाले.

पुन्हा वकिली सुरू करून एका खटल्यासाठी ते पाटण्यास गेले होते. २५ मे १९२४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.