हाफकिन : आधी स्वतःला टोचलं, मग हिशेब दाखवला

परळची हाफकिन संस्था मुंबईत सगळ्यांना माहीत. पण ज्याच्या नावावर ती आहे तो माणूस या शहरातून कसा गेला, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसात, ज्यू घरात झाला. रशियातून बाहेर पडून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि 18 जुलै 1892 ला पहिली सुई स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला. सरकारने घराघरात घुसून रोगी उचलायला सुरुवात केली. बायकांना परके पुरुष तपासतात, इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी भीती पसरली. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात आपल्या जुलाहा विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिलं नाही आणि त्यातून दंगल पेटली. अशा वातावरणात सरकारच्या माणसाची सुई कोण टोचून घेणार?

हाफकिन तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर काम करत होते. 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण ते उभे राहिले. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांनाच लस दिली. टोचलेल्यांत 2 आजारी पडले, मेला कुणीच नाही. बाकीच्यांत 12 आजारी, 6 मेले.

लोकांचा विश्वास मात्र आकड्यांनी नाही, एका माणसाने मिळवून दिला. खोजा इस्माइलींचे इमाम, तिसरे आगाखान, तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली, तीही अनेकदा. प्रयोगशाळेला आपली खुशरू लॉज ही इमारत दिली. मुंबईतल्या जवळपास निम्म्या खोजा समाजाने मग लस घेतली.

तरी तुरुंगाच्या आकड्यांवर शंका घेता येत होती. पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असतील तर? म्हणून 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिननी वेगळी पद्धत वापरली. प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. ज्या घरांत प्लेग आला, तिथे न टोचलेल्या 64 पैकी 26 जण मेले, टोचलेल्या 71 पैकी 3. म्हणजे लस घेऊनही माणसं दगावली, आणि हेही हाफकिननी लपवलं नाही.

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस दिली गेली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे गेले. एकोणीस घरांचा आक्रोश खराच होता, त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण चौकशी आयोगाने बाटली मुंबईतच दूषित झाली असं ठरवलं. हाफकिननी कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती, तीच त्यांच्यावर शेकली. नोकरी गेली.

पण साधी गोष्ट होती. मेलेले सगळे एकाच बाटलीतले. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर धरून शुद्ध केला नव्हता, नुसता औषधी पाण्यात बुडवला. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढले असते तर उग्र वास आला असता, बाटली उघडताना तो आला नव्हता. हे सगळं चौकशीच्या कागदांतच होतं, नीट वाचलं मात्र कुणी नाही. अखेर रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकारने माघार घेतली.

हाफकिन भारतात परतले, पण मुंबईला नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. 1914 ला ते निवृत्त झाले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं, आणि 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं.