कोट्यवधी गळ्यांत गेलेलं पदक जिच्यामुळे घडलं, तिचं नाव जगाला 46 वर्षं माहीत नव्हतं

जुनी नाणी आणि पदकं विकणाऱ्यांकडे एक लंबगोल पदक हमखास सापडतं. एका बाजूला पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली मारिया माता, तिच्या हातांतून निघणारे किरण, पायाखाली साप आणि अगदी खाली बारीक अक्षरांत एक साल, 1830.

साल बघितलं की पदक जवळपास दोनशे वर्षं जुनं असल्याचं सांगून भाव वाढवला जातो. पण खरी गोष्ट अशी आहे की 1830 साली असं एकही पदक बनलं नव्हतं. मग हे साल आलं कुठून? त्यासाठी एका शेतकऱ्याच्या मुलीची गोष्ट माहीत पाहिजे.

तिचं नाव कॅथरीन लाबूरे. जन्म 2 मे 1806, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एका लहान गावात. नऊ वर्षांची असतानाच आई गेली. पुढे थोरली बहीण नन व्हायला निघून गेली आणि घर कॅथरीनवर पडलं. स्वयंपाक, गुरं, कोंबड्या, कबुतरं सगळं तिच्याच अंगावर. शाळा राहूनच गेली. लिहाय-वाचायला ती शिकली ते वयात आल्यावर.

तिलाही नन व्हायचं होतं. वडिलांचा ठाम नकार. तिच्या डोक्यातून हे खूळ जावं म्हणून त्यांनी तिला पॅरिसला भावाच्या खाणावळीत कामाला धाडलं. खूळ काही गेलं नाही. शेवटी वडिलांना नमतं घ्यावं लागलं आणि एप्रिल 1830 मध्ये कॅथरीन पॅरिसच्या रू द्यु बाक रस्त्यावरच्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संस्थेच्या मठात दाखल झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि राजा दहावा चार्ल्स याला गादी सोडावी लागली. शहरात अशी धामधूम असताना मठातल्या या 24 वर्षांच्या मुलीने आपल्या फादरना एक वेगळंच काही सांगितलं. आपल्याला मारिया मातेचं दर्शन झालं, असं तिचं म्हणणं होतं. 27 नोव्हेंबरच्या संध्याकाळी तर एका लंबगोल चौकटीत मारिया माता दिसली, भोवती प्रार्थनेची अक्षरं होती, मग चौकट फिरली आणि मागची बाजू दिसली. असंच पदक घडवून घे, असा आदेशही मिळाला.

हे फादर म्हणजे जाँ-मारी अलादेल. त्यांना सुरुवातीला हे सगळं मनाचे खेळ वाटले. कॅथरीन मात्र मागे हटेना. अखेर त्यांनी पॅरिसच्या आर्चबिशपांच्या कानावर हे घातलं. मुलीचं नाव सांगितलं नाही. आर्चबिशपांना पदकाच्या मजकुरात वावगं काही दिसलं नाही. त्यांनी परवानगी दिली.

काम मिळालं पॅरिसचा सोनार आद्रियाँ वाशेत याला. पण तेवढ्यात 1832 उजाडलं आणि शहरात कॉलरा आला. भारतातून निघालेली ही साथ रशिया, पोलंड करत तिथे पोचली होती. एकट्या पॅरिसमध्ये 18 हजारांहून जास्त माणसं गेली. अशा काळात, 30 जूनला, पहिली 1,500 पदकं तयार होऊन आली. नन मंडळींनी ती रुग्णांना वाटली. आपण या पदकामुळे वाचलो, असं लोक सांगू लागले आणि पदकाला नाव पडलं, चमत्कारी पदक.

1842 मध्ये आल्फाँस रातिसबोन या श्रीमंत ज्यू तरुणाने एका मित्राच्या आग्रहाखातर हे पदक गळ्यात घातलं आणि रोममधल्या चर्चमध्ये त्याचं मन पालटलं. पुढे तो फादर झाला. या घटनेने पदकाची कीर्ती युरोपभर झाली.

आणि कॅथरीन?

त्या पॅरिसच्या पूर्वेकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करत होत्या. अंथरुणं बदलणं, जेवण वाढणं, कोंबड्या सांभाळणं. आजूबाजूच्या सिस्टर त्याच पदकाबद्दल बोलायच्या आणि त्या गप्प राहायच्या. 1836 मध्ये चर्चने चौकशी बसवली तेव्हाही त्यांनी समोर यायला नकार दिला.

अलादेल 1865 मध्ये वारले. कॅथरीन यांच्या मनात मात्र एक सल होता. हातात पृथ्वीचा गोल धरलेली मारिया माताही त्यांना दिसली होती आणि तशी मूर्ती अजून घडली नव्हती. 1876 मध्ये आपला शेवट जवळ आला असं वाटल्यावर त्यांनी आपल्या मठप्रमुख सिस्टरना सगळं सांगून टाकलं. त्याच वर्षी 31 डिसेंबरला त्या गेल्या. जग त्यांना ओळखू लागलं ते त्यानंतर. 1933 मध्ये त्यांना 'धन्य' आणि 27 जुलै 1947 रोजी 'संत' घोषित करण्यात आलं. त्यांचं शव आजही रू द्यु बाकच्या चॅपलमध्ये काचेच्या पेटीत आहे. आपल्याकडे मदर तेरेसा भेटायला येणाऱ्यांच्या हातात जे छोटं पदक ठेवायच्या, ते हेच.

आता पुन्हा त्या जुन्या पदकाकडे येऊ.

1830 हे दर्शनाचं साल आहे, पदक पाडल्याचं नाही. आज नव्याने बनणाऱ्या पदकांवरही तेच असतं. त्यामुळे वय ओळखायला दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात.

पहिली खूण धातू. पदक अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते बहुधा 1886 नंतरचं, कारण हा धातू स्वस्तात बनवायची पद्धत तेव्हा सापडली.

दुसरी खूण शिक्का. फ्रान्समध्ये 1838 पासून चांदीच्या लहान वस्तूंवर पॅरिसमध्ये रानडुकराच्या डोक्याचा आणि इतर भागांत खेकड्याचा बारीक शिक्का मारला जाई. तो कडीवर किंवा काठावर भिंगाने शोधावा लागतो.

तिसरी खूण मजकूर. पदकावर कॅथरीन यांचा चेहरा आणि 'संत' ही पदवी असेल तर ते 1947 किंवा त्यानंतरचं. 1830 आणि 1930 अशी दोन्ही सालं असतील तर ते शताब्दीचं स्मृतिपदक.

किमतीचं गणितही सोपं आहे. ही पदकं कोट्यवधींनी निघाली, त्यामुळे बहुतेकांना धातूच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही. जास्त पैसे मिळतात ते सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच मजकुराच्या, चांदीच्या, कमी झिजलेल्या पदकांना. घरात असं पदक असेल तर घासून चकाकवू नका, जुनेपणाचा रंग गेला की भावही उतरतो.

आणि एक गोष्ट. पदकावर साल आहे, साप आहे, बारा तारे आहेत. पण ज्यांच्या सांगण्यावरून ते घडलं, त्यांचं नाव मात्र त्या मूळ पदकावर कुठेच नाही. त्यांनाही तेच हवं होतं.