बर्ट मन्रो

न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्या परिसरातील एका शेतकऱ्याच्या घरी १८९९ साली बर्ट मन्रोचा जन्म झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने एक नवी मोटारसायकल विकत घेतली. ती अमेरिकेतील ‘इंडियन’ नावाच्या कंपनीची होती. ती फार तर ताशी ८८ किलोमीटर वेगाने धावे. मन्रोला एवढ्याने समाधान नव्हते. १९२६ पासून त्याने तिच्यात सुधारणा करण्यास आरंभ केला.

दिवसा तो मोटारसायकली विकण्याचे काम करी आणि रात्री आपल्या पडवीत इंजिन उघडून बसे. तयार भाग विकत घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. म्हणून तो धातू वितळवून जुन्या डब्यांत ओती आणि इंजिनात खालीवर सरकणारे दट्टे घरीच घडवी. दट्ट्यांना जोडलेले दांडे त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून कोरून काढले. सूक्ष्म मापे घेण्यास चाकाची जुनी तारही त्याला पुरे.

मूळचे ६०० घनसेंटिमीटरचे ते इंजिन त्याने वाढवीत वाढवीत ९५० पर्यंत नेले. इंजिन मोठे झाले, की त्यात अधिक इंधन जळते आणि जोर वाढतो; परंतु प्रत्येक भागावरील ताणही वाढतो. त्यामुळे मन्रोने महिनोन्‌महिने खपून घडविलेले भाग क्षणात मोडत. ते मोडके तुकडे त्याने फेकून दिले नाहीत. वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य समजून त्याने ते एका फळीवर मांडून ठेवले. कोणता भाग कोठे तुटला हे पाहून तो पुढचा भाग अधिक मजबूत करी.

अमेरिकेतील यूटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाच्या परीक्षा तेथे होतात. तेथे एकदा एका दिशेने व पुन्हा उलट दिशेने धावून दोन्ही वेगांची सरासरी काढतात. त्यामुळे वाऱ्याचा फायदा कोणास मिळत नाही. १९६२ साली मन्रोने तेथे ताशी २८८ किलोमीटर वेग गाठून आपल्या गटात जागतिक विक्रम केला. १९६७ साली तो पुन्हा त्या मैदानावर उतरला. तेव्हा त्याचे वय अडुसष्ट होते व मोटारसायकल सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिच्यावर निमुळते कवच चढविलेले होते आणि मन्रो तिच्यावर जवळजवळ पालथा पडून बसला होता. त्या दिवशी ताशी २९५ किलोमीटरहून अधिक वेगाची नोंद झाली.

१९७८ साली मन्रोचे निधन झाले. पुढे त्याच्या मुलाने जुनी नोंद तपासली, तेव्हा सरासरी काढताना चूक झाल्याचे त्याच्या ध्यानी आले. २०१४ साली ती दुरुस्त झाली आणि वेग २९६ किलोमीटरहून अधिक ठरला. मन्रोने मिळविलेला, पण हिशेबात हरवलेला तो जवळजवळ एक किलोमीटर त्याच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी त्याच्या नावावर जमा झाला.