विश्लेषण : संगणकाआधीच जनुकांचा नकाशा मांडणारे दामोदर कोसंबी कोण होते? त्यांचे सूत्र आजही का वापरतात?

इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आज जनुकशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसते. १९४४ मधील अवघ्या चार पानांच्या एका शोधनिबंधामुळे ते तिथे पोहोचले. जैव-माहितीशास्त्र हा शब्दही तेव्हा नव्हता. गणित, नाणी, जनुके, संगणक आणि वारीच्या वाटा असा प्रवास करणाऱ्या या शास्त्रज्ञाची कारकीर्द नेमकी कशी होती, आणि ती अखेरीस का अडखळली, याचा हा आढावा.

पिंपळीचा आणि कोसंबींचा संबंध काय?

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पिंपळी, लिमटेकमार्गे काटेवाडीकडे जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. वारीत मेंढ्या कशासाठी, हा प्रश्न अनेकांना पडतो. कोसंबींना अशाच प्रश्नांचे वेड होते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि देवस्थाने त्यांनी पायी पालथी घातली. तिथे सापडणारी गारगोटीची बारीक अश्महत्यारे ते गोळा करत. पंढरीच्या वाटा संतांच्याही कितीतरी आधीच्या असाव्यात, ऋतूप्रमाणे कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या पायांनी त्या पडल्या असाव्यात, अशी मांडणी त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात केली.

पिंपळीशी त्यांचा दुसरा धागा शेतीचा. जवळच माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षारपड जमीन यांना पिके कशी तोंड देतात, याचा अभ्यास तिथे होतो. एखाद्या पिकाचा ताण सोसण्याचा गुण कोणत्या गुणसूत्रावर कुठे आहे, हे शोधायचे तर जनुकीय नकाशा लागतो. तो काढताना जगभरात जी दोन सूत्रे सर्वाधिक वापरली जातात, त्यांपैकी एक कोसंबींचे आहे.

सुरुवात कुठून झाली?

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर आणि थोरली बहीण माणिक त्यांच्यासोबत होते. शालेय शिक्षण तिथेच झाले. १९२९ मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते भारतात परतले. गणिताबरोबरच अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या. एकाच विषयात राहायचे नाही, ही सवय तेव्हापासूनची.

बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षे शिकवून ते अलिगढला गेले. तिथे फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्याशी मैत्री झाली. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक खोडसाळ निबंध लिहिला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाला श्रेय दिले. पुढे ‘बुर्बाकी’ याच टोपणनावाने फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने विसाव्या शतकातील गणिताची भाषा बदलून टाकली. गणिताच्या शोधनिबंधात हे नाव पहिल्यांदा आले ते कोसंबींच्या लेखणीतून.

१९३३ मध्ये ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १२ वर्षे तिथे गणित शिकवले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. भूमितीतील त्यांचे त्या काळातील काम आजही ‘कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत’ या नावाने ओळखले जाते.

गणितज्ञ नाण्यांकडे कसा वळला?

संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खरी आकडेवारी हवी, म्हणून त्यांनी नाणी निवडली. प्राचीन भारतातील चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे उमटवलेली नाणी, त्यांनी हजारोंच्या संख्येने काटेकोर तराजूवर तोलली. तर्क साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, त्यामुळे झिजेवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज तपासण्यासाठी त्यांनी त्या वेळच्या चलनातील नाणीही तोलली. तक्षशिलेच्या नाणेसाठ्यांचा कालक्रम लावण्यासाठी ही पद्धत वापरली गेली.

आजच्या भाषेत हे डेटा सायन्स आहे. फरक इतकाच, की इथे डेटा गोळा करणारा, आकडेमोड करणारा आणि निष्कर्ष काढणारा माणूस एकच होता, आणि साधने म्हणजे तराजू, कागद व पेन्सिल.

१९४४ च्या निबंधात नेमके काय होते?

गुणसूत्र म्हणजे मण्यांची लांब माळ आणि जनुके म्हणजे त्यातले मणी, असे समजू. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन माळा काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. दोन मणी जवळ असतील, तर त्यांच्यामध्ये तुटण्याची शक्यता कमी. दूर असतील, तर जास्त. म्हणून पुढच्या पिढीत किती टक्के संततीमध्ये दोन गुणांची फारकत झाली, हे मोजून मण्यांमधले अंतर काढता येते. असा पहिला नकाशा अमेरिकेत १९१३ मध्ये फळमाशीवर तयार झाला.

अडचण पुढे येते. दोन मण्यांमध्ये माळ एकदा तुटली तर ते वेगळे होतात, पण दोनदा तुटली तर पुन्हा एकत्र येतात. पिंपळीच्या रस्त्यावर एखाद्याने दोनदा रस्ता ओलांडला, तर शेवटी पाहणाऱ्याला तो जागचा हललाच नाही असे वाटेल. इथेही तेच होते. मोजणीत ही ‘दुहेरी ओलांडणी’ दिसत नाही आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भरते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये त्यावर सूत्र दिले होते. एका जागी माळ तुटली, म्हणून शेजारी तुटण्याच्या शक्यतेवर काहीच परिणाम होत नाही, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात अनेक सजीवांत तसे नसते. एका ठिकाणी तुटले की लगतच्या भागात पुन्हा तुटण्याची शक्यता घटते. याला ‘हस्तक्षेप’ म्हणतात. कोसंबींनी हा हस्तक्षेप सूत्रात आणला. अंतर अगदी कमी असेल तर हस्तक्षेप जवळपास पूर्ण, आणि अंतर वाढत जाईल तसा तो विरत जातो, असे त्यांनी धरले. या एका वाजवी गृहीतकातून सुटसुटीत सूत्र निघाले.

आकड्यांत फरक किती पडतो?

समजा, १०० पैकी २० रोपांत दोन गुणांची फारकत झाली. नुसत्या टक्केवारीने अंतर २० एकक येते. या एककाला सेंटीमॉर्गन म्हणतात. हाल्डेनच्या सूत्राने ते सुमारे २५.५ होते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. फारकत ३० टक्के असेल, तर हाल्डेन ४५.८ सांगतात आणि कोसंबी ३४.७. म्हणजे जवळच्या जनुकांसाठी तफावत थोडी, पण अंतर वाढले की मोठी. हस्तक्षेप असलेल्या पिकात चुकीचे सूत्र वापरले, तर नकाशा उगाच ताणला जातो.

एका छोट्या हिशेबासाठी तेव्हा तासन् तास जात. कोसंबींचे सूत्र लघुगणकाच्या तक्त्यावर सहज सुटत होते, हे त्याच्या यशाचे एक कारण. दुसरे कारण नंतर आले. ‘मॅपमेकर’, ‘जॉइनमॅप’, ‘आर-क्यूटीएल’ यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो खुणांचे अंतर क्षणात काढले जाते. तिथे वापरकर्त्याला सूत्र निवडावे लागते आणि त्या यादीत हाल्डेन यांच्याबरोबर कोसंबी असतात.

याचा शेतकऱ्याला काय उपयोग?

नकाशा हाताशी असला, की रोगप्रतिकारक किंवा ताण सोसणाऱ्या जनुकाजवळची एखादी खूण ओळखता येते. मग पीक वाढून रोग पडेपर्यंत थांबावे लागत नाही. रोपाच्या पानाचा तुकडा तपासून ते ठेवायचे की टाकायचे, हे ठरवता येते. भारतात २००५ मध्ये प्रसारित झालेले बाजरीचे ‘एचएचबी ६७ सुधारित’ हे संकरित वाण अशाच खुणांच्या आधारे निवड करून तयार झाले. त्यात केवडा रोगाला प्रतिकार करण्याची क्षमता आणण्यात आली. अशा निवडीच्या मुळाशी जनुकीय नकाशे असतात.

संगणकाशी त्यांचा संबंध कसा आला?

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. स्वातंत्र्यानंतर, १९४८-४९ मध्ये, युनेस्कोचे फेलो म्हणून ते इंग्लंड आणि अमेरिकेत गेले. विषय होता गणनयंत्रे. इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा जगातच मोजके होते आणि भारतात एकही नव्हता. पुढे याच संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक उभा राहिला आणि १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. तो बांधण्याचे श्रेय कोसंबींचे नाही. मात्र या यंत्रांचा अभ्यास करायला गेलेल्या सुरुवातीच्या भारतीयांत ते होते.

त्यांचे आणखी एक काम संगणकाच्या युगात मोलाचे ठरले. ढीगभर मोजमापांतून मोजक्या महत्त्वाच्या दिशा वेगळ्या काढण्याची पद्धत त्यांनी १९४३ मध्ये मांडली. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी तीच गोष्ट नंतर स्वतंत्रपणे मांडली. अनेक पाठ्यपुस्तकांत या दोघांचीच नावे राहिली, कोसंबींचे नाव गळाले. चेहरा ओळखण्यापासून हजारो जनुकांच्या नोंदींचे गट पाडण्यापर्यंत आज ज्या पद्धती वापरतात, त्या याच कुळातील आहेत.

कारकीर्द का अडखळली?

कोसंबी पुण्यात राहात आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करत. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथ आला. जागतिक शांतता चळवळीतही ते सक्रिय होते. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे वळावे, असे ते उघडपणे मांडत. ते ज्या संस्थेत होते, तिचे प्रमुख भाभा हेच देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते. मतभेद वाढत गेले.

त्यातच १९५९ मध्ये त्यांची मोठी चूक झाली. गणितातील अतिशय अवघड अशा रिमान गृहीतकाची सिद्धता संख्याशास्त्राच्या मार्गाने देता येईल, असा दावा करणारा निबंध त्यांनी प्रसिद्ध केला. तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. नाणी आणि जनुके यांत जो धाडसी अंदाज कामी आला होता, तो इथे चालणारा नव्हता. गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञपद दिले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेशी जोडले गेले. पुढच्याच वर्षी प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचे पुस्तक आले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

आज त्यांच्याकडे कसे पाहायचे?

कोसंबींना जैव-माहितीशास्त्रज्ञ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. हा शब्द त्यांच्या निधनानंतर, १९७० मध्ये नेदरलँड्समध्ये रूढ होऊ लागला. प्रयोगशाळेत त्यांनी फळमाशा वाढवल्या नाहीत की शेतात बाजरी पेरली नाही. दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांत दडलेली चूक त्यांनी गणिताने दुरुस्त केली. जैव-माहितीशास्त्राचे काम आजही बरेचसे असेच चालते.

एकाच विषयात राहिले असते, तर कदाचित रिमानची चूक टळली असती. पण मग नाणीही तोलली गेली नसती आणि १९४४ चा निबंधही लिहिला गेला नसता. टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. ते संग्राहकांच्या वहीत गेले. जनुकीय नकाशा काढायला बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र सॉफ्टवेअर आजही विचारते, की सूत्र कोणते वापरायचे, हाल्डेन की कोसंबी.