बिटकॉइनचा पहिला मानकरी

१२ जानेवारी २००९ या दिवशी जगातला पहिला बिटकॉइनचा व्यवहार झाला. सातोशी नाकामोतो असं टोपणनाव घेतलेल्या, आजतागायत ओळख न पटलेल्या व्यक्तीने दहा बिटकॉइन पाठवले, आणि कॅलिफोर्नियातल्या हॅल फिनी नावाच्या प्रोग्रॅमरला ते मिळाले. त्या दिवशी त्या दहा नाण्यांची किंमत होती शून्य. कपभर चहासुद्धा आला नसता त्यात! पुढे डिसेंबर २०२४ मध्ये एकाच बिटकॉइनने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला. त्या हिशेबाने दहांचे किती झाले, ते आपलं आपणच पाहा.

मी पेशाने आयटी कन्सल्टंट. त्यामुळे कुणाकडे सत्यनारायण असो की पोरांचा वाढदिवस, जेवणं उरकून गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास विचारतं, काय रे, बिटकॉइन घ्यावं का? भाव सगळे विचारतात. पण हे उभं करणारी माणसं कोण होती, त्यांना यातून काय हवं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून यंदा आपल्या अंकात गुंतवणुकीचा सल्ला न देता हॅलची गोष्ट सांगायचं ठरवलं. (त्याचा उल्लेख एकेरी करतोय. वयाने तो माझ्या वडिलांच्या पिढीतला, पण आमच्या धंद्यात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात.)

हॅरल्ड थॉमस फिनी, ऊर्फ हॅल, याचा जन्म ४ मे १९५६ चा, कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या लहानशा गावातला. १९७९ मध्ये कॅलटेकमधून तो इंजिनिअर झाला. सुरुवातीला त्याने काय केलं असेल? तर व्हिडिओ गेम्स लिहिले! अटारी २६०० या तेव्हाच्या लोकप्रिय खेळयंत्रासाठी 'ॲडव्हेंचर्स ऑफ ट्रॉन', 'स्पेस अटॅक' असे खेळ त्याच्या नावावर आहेत. त्या यंत्राची मेमरी होती फक्त १२८ बाइट. आज आपण व्हॉट्सॲपवर दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो, तो मजकूरही तेवढ्यात मावणार नाही. इतक्या चिंचोळ्या जागेत काम केलेल्या माणसाला काटकसरीने आणि चोख प्रोग्रॅम लिहायची सवय न लागली तरच नवल.

पण त्याचं मन रमलं ते क्रिप्टोग्राफीत, म्हणजे गुप्तलेखनाच्या शास्त्रात. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं. ई-मेलला कुलूप लावायची सोय, एवढंच त्याचं काम. ज्याच्यासाठी पत्र लिहिलं त्यालाच ते उघडता यावं, मधल्या कुणाला नाही. हॅल या कामात स्वतःहून सामील झाला आणि १९९२ च्या पीजीपी २.० या आवृत्तीतला बराच मोठा भाग त्याने लिहिला. तोही पगाराशिवाय, नोकरी सांभाळून, रात्री आणि वीकएंडला बसून.

त्याचं नाव मात्र फारसं पुढे आलं नाही, त्यालाही कारण होतं. त्या काळी अमेरिकन कायद्याने भक्कम गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर दारूगोळ्याच्या पंक्तीला बसवलं होतं. परवान्याशिवाय ते देशाबाहेर गेलं तर शस्त्रं बाहेर नेल्यासारखा गुन्हा! इंटरनेटवर टाकलेली गोष्ट देशाच्या सीमेवर थोडीच थांबते? झिमरमन यांच्यामागे १९९३ पासून सरकारी चौकशीचं शुक्लकाष्ठ लागलं. ते १९९६ च्या जानेवारीत, कुठलाही आरोप न ठेवता, एकदाचं संपलं. त्या दिवसांत आपण काय लिहिलं हे मिरवण्यात शहाणपण नव्हतं. हॅल गप्प राहिला, पण काम थांबवलं नाही. पुढे पीजीपीची कंपनी झाली तेव्हा सुरुवातीच्या नोकरदारांत तो होता आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच टिकला.

याच काळात तो 'सायफरपंक' म्हणवणाऱ्या मंडळींत सक्रिय होता. सगळे व्यवहार कॉम्प्युटरवर गेले की सामान्य माणसाचं खासगी असं काही उरणार नाही, ही त्यांची धास्ती. निवेदनं काढण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहून लोकांच्या हाती द्यावेत, हा त्यांचा खाक्या. पाठवणाऱ्याचं नाव-गाव पुसून पत्र पुढे पोचवणारी जी पहिली यंत्रणा उभी राहिली, तिच्यातही हॅलचा हात होता.

१९९५ ची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या खिशाशी संबंधित आहे. तेव्हा नेटस्केप ब्राउझरची जी आवृत्ती अमेरिकेबाहेर जायची, तिच्यात कायद्यामुळे अवघ्या ४० बिटांची किल्ली असायची. हॅलने त्या कुलपात बंद केलेला एक नमुना जाहीर केला आणि फोडून दाखवा म्हणून जगाला आव्हान दिलं. फ्रान्समधल्या डामिएं डॉलिजे या संशोधकाने ऑगस्टमध्ये, शंभराहून अधिक कॉम्प्युटर कामाला लावून, आठेक दिवसांत ते फोडलं. असल्या कुलपावर लोकांनी क्रेडिट कार्डचे नंबर कसे सोपवायचे, हा प्रश्न मग सगळ्यांसमोर आला. असेच धक्के बसत गेले आणि २००० च्या जानेवारीत अमेरिकेने निर्यातीचे नियम बरेच सैल केले. आज आपण इथे बसून आई-वडिलांच्या खात्यात निर्धास्त पैसे पाठवतो, त्यामागे हाही इतिहास आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ : पैसा.

माझ्याकडे शंभराची नोट आहे. ती वाण्याला दिली की माझ्या खिशातून गेली. कॉम्प्युटरवरचा पैसा मात्र शेवटी एक फाईल. गाण्याची फाईल मित्राला पाठवली तरी आपल्याकडे उरतेच की! तसं पैशाचं झालं तर एकच नोट दहा दुकानांत चालेल. यावरचा सरळ उपाय म्हणजे मध्ये बँक बसवायची. डेव्हिड चॉम या शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकातच एक सुंदर युक्ती काढली होती : बँक नोट खरी की खोटी ते सांगेल, पण ती कुणी कुठे खर्च केली हे तिला कळणार नाही. हॅल या कल्पनेवर फिदा होता. पण चॉम यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मधला माणूस कोसळला की त्याच्यावर टेकलेला पैसाही कोसळतो, हे दिसून आलं.

हॅलने २००४ मध्ये आपलं उत्तर मांडलं. त्याचं नाव आरपॉ. ते समजायला आधी ॲडम बॅक यांचं १९९७ चं हॅशकॅश पाहावं लागतं. ई-मेल पाठवण्याआधी तुमच्या मशीनने थोडं किचकट गणित सोडवायचं आणि त्याचं उत्तर तिकिटासारखं पत्राला डकवायचं. एका पत्राला काही सेकंद, त्याचं कुणाला काय वाटणार? पण लाखो फालतू मेल पाठवणाऱ्याचं कंबरडं मोडेल. अडचण एवढीच की हे तिकीट एकदा वापरलं की संपलं. हॅलने ते पुन्हा चालवायची सोय केली. वापरलेलं तिकीट सर्व्हरला द्या, तो ते बाद करून त्याच किमतीचं कोरं तिकीट देईल. म्हणजे तिकिटाचं नाणं झालं.

पण सर्व्हर हॅलचा. त्यानेच चोरून जास्तीची नाणी पाडली तर? इथे त्याचा खरा स्वभाव दिसतो. त्याने हा प्रोग्रॅम आयबीएम ४७५८ नावाच्या खास कार्डात बसवला. या कार्डाशी छेडछाड केली की ते आपल्या पोटातली गुपितं स्वतःच नष्ट करतं. शिवाय आत नेमका कोणता प्रोग्रॅम चाललाय याची खात्री दुसऱ्या देशातल्या माणसालाही करून घेता येई, आणि तो प्रोग्रॅम हॅलने सगळ्यांना वाचायला खुला ठेवला होता. थोडक्यात, आपल्यावर विश्वास ठेवायची कुणाला गरजच पडू नये, याची तजवीज त्याने स्वतः केली. मी गेली काही वर्षं पेमेंट सिस्टिमच्या प्रोजेक्ट्सवर काम करतोय. तिथल्या मीटिंगांमध्ये सगळे आमच्यावर विश्वास ठेवा म्हणत असतात. स्वतःचेच हात बांधून घेणारा इंजिनिअर मला अजून भेटायचाय!

आरपॉ फारसं चाललं नाही. पण ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशीने बिटकॉइनचा निबंध क्रिप्टोग्राफीच्या जाणकारांसमोर ठेवला, तेव्हा त्याचं मोल हॅलला चटकन कळलं. असल्या योजना खूप पाहिलेल्या अनेक जाणकारांनी फार उत्साह दाखवला नाही. हॅलने मात्र स्वागत केलं. कारण त्याच्या योजनेत एक कार्ड का होईना, मध्ये होतं. सातोशीने तेही काढून टाकलं. आपल्याकडे पाडव्याला दुकानदार नवी वही पूजतात ना, तशी ही वही, फक्त ती एका दुकानदाराच्या गल्ल्यात नसते. प्रत्येकाकडे तिची प्रत. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान भरतं, त्यावर गणित सोडवून शिक्का बसतो, आणि शिक्का मारणाऱ्याला नवी नाणी मिळतात. तेव्हा ती ५० मिळत.

८ जानेवारी २००९ ला सॉफ्टवेअर बाहेर आलं. हॅलने लगेच उतरवून घेतलं आणि आपण बिटकॉइन चालवत असल्याचं दोन शब्दांत ट्विटरवर कळवलं. पुढचे काही दिवस तो चुका कळवत होता आणि सातोशी दुरुस्त करत होता. त्याच सुमारास त्याने एक गमतीचा हिशेब मांडला. समजा, ही जगाची पैशाची मुख्य पद्धत झाली, तर जगातली सगळी संपत्ती भागिले दोन कोटी नाणी, म्हणजे एका नाण्याला सुमारे एक कोटी डॉलर! असं होण्याची शक्यता अगदी नगण्य धरली तरी काही सेंटांच्या विजेत काय बिघडतं, असा त्याचा सूर. आणि मग या गृहस्थाने केलं काय? काही दिवसांत मशीन बंद केलं. का, तर कॉम्प्युटर तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा!

हॅल चांगला धावपटू होता आणि मॅरेथॉनची तयारी करत होता. २००९ मध्येच धावणं जड जाऊ लागलं, जीभ अडखळू लागली. ऑगस्टमध्ये निदान झालं : एएलएस. स्टीफन हॉकिंग यांना होता तोच आजार. मेंदूकडून स्नायूंना निरोप पोचणं हळूहळू बंद होतं, बुद्धी मात्र लख्ख राहते. २०११ च्या सुरुवातीला त्याला नोकरी सोडावी लागली. पुढे हातपाय गेले, वाचा गेली, श्वासही यंत्राने चालू लागला. उरली डोळ्यांची हालचाल. बुबुळं कुठे बघतात हे टिपणाऱ्या यंत्राने तो एकेक अक्षर निवडायचा आणि प्रोग्रॅम लिहायचा. आपला वेग पूर्वीपेक्षा पन्नास पटींनी कमी झाल्याचं त्याने २०१३ मध्ये सांगितलं, पण आवडतं काम करता येतंय याचं समाधानही त्यात होतं. लिहीत काय होता? तर लोकांची बिटकॉइनची पाकिटं आणखी सुरक्षित कशी करता येतील ते.

सुरुवातीला जमवलेल्या नाण्यांना २०१० च्या अखेरीस किंमत आल्याचं त्याला आढळलं. त्यातली बरीच विकून आजारपणाचा खर्च भागला. पत्नी फ्रॅन सगळं सांभाळत होती. पण त्या नाण्यांचा वास लागून एका निनावी खंडणीखोराने १,००० बिटकॉइन मागितले. २०१४ मध्ये त्याने पोलिसांना खोटा फोन करून या घरात खून झाल्याचं कळवलं. हत्यारबंद पोलीस आले आणि हलताही न येणाऱ्या हॅलला घराबाहेर हिरवळीवर थांबावं लागलं. सामान्य माणसाला निनावी राहता यावं म्हणून ज्याने आयुष्य वेचलं, त्याला एका निनावी माणसाने असं छळावं! निनावीपणाला दोन धारा असतात हे मान्यच करायला हवं. माझ्या मते त्यामुळे हॅलचं काम चुकीचं ठरत नाही. चोरही कुलूप लावतात म्हणून आपण दारं उघडी टाकत नाही.

२८ ऑगस्ट २०१४ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, ॲरिझोनात हॅल गेला. विज्ञान उद्या काय करील सांगता येत नाही, या भरवशावर त्याचा देह तिथल्याच अल्कोर संस्थेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवला आहे. योगायोग असा की त्याच महिन्यात एएलएससाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची लाट जगभर आली होती.

हॅलच सातोशी होता का? अनेकांना तसं वाटतं. त्याने ते नाकारलं होतं. शिवाय १८ एप्रिल २००९ ला हॅल सांता बार्बरात दहा मैलांची शर्यत धावत असताना सातोशीची ई-मेल चालू होती, असं २०२३ मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिलं. मला तर वाटतं, सातोशी नसण्यातच हॅलचं मोठेपण आहे. दुसऱ्या कुणीतरी आपल्यापेक्षा चांगलं उत्तर काढलं, तर मत्सर न करता पहिल्या दिवशी जाऊन त्याच्या चुका शोधून द्यायच्या, ही दानत आपल्या क्षेत्रात फार दुर्मिळ.

२०२३ पासून फ्रॅनने त्याच्या नावाने एक उपक्रम सुरू केला. १ ते १० जानेवारी या दिवसांत जमेल तसं थोडं थोडं धावायचं किंवा चालायचं, मिळून अर्ध्या मॅरेथॉनएवढं, म्हणजे २१ किलोमीटर अंतर पुरं करायचं आणि एएलएससाठी देणगी द्यायची. दिवाळीचा फराळ अंगावरून उतरवायला आपल्याला तसंही निमित्त हवंच असतं. आणि चालता चालता मुलांनी विचारलं, हॅल फिनी कोण, तर भाव सांगायच्या आधी पंख्याचा आवाज नको म्हणून मशीन बंद करणाऱ्या माणसाबद्दल जरूर सांगा.